१४४५ पदार्थांची पंगत

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरलं की माणसं आधी वर बघतात, ओकच्या त्या अवाढव्य छताकडे. मी फरशी न्याहाळत उभा होतो. २३ एप्रिल १६८५ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याच्या राज्याभिषेकाची पंगत इथेच बसली होती, आणि तिचं मुद्राचित्र मी आदल्याच दिवशी ब्रिटिश म्युझियममध्ये, आधी वेळ ठरवून, पाहून आलो होतो.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं ते चित्र फ्रान्सिस सँडफर्ड या दरबारी हेराल्डच्या, म्हणजे समारंभ आणि वंशावळी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, १६८७च्या ग्रंथातलं. राजाच्या मेजाकडे पहिलं वाढप निघालंय आणि त्याच्यापुढे घोडेस्वार मानकरी, थेट याच छताखाली! पदार्थ एकूण १४४५. राजाच्या मेजावर कुठलं ताट कुठे मांडलं, याचासुद्धा नकाशा आहे.

मिरवणुकीच्या पानांवर मी सर्वांत जास्त रेंगाळलो. अग्रभागी मेरी डाऊल ही बाई सुगंधी पाला-फुलं पसरत चाललीय. मागे रांगाच रांगा, खाली प्रत्येकाचा हुद्दा. कुठे गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. इतकी शिस्त पाहून मला गलबलून आलं, कारण या राजाला तिची किती गरज होती! जेम्स कॅथलिक, देश प्रॉटेस्टंट. त्याला वारसाहक्कातून वगळण्यासाठी १६७९ ते १६८१ संसदेत जोराचे प्रयत्न झाले होते. अभिषेकाच्या दिवशी अँग्लिकन कम्युनियन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रसाद, त्याने घेतलंच नाही. दोन महिन्यांच्या आत पुतण्या ड्यूक ऑफ मॉनमथने बंड केलं. ग्रंथ छापून आला तोवर बंड चिरडलं गेलं होतं, आणि चित्रांत अख्खा देश हुद्द्यानुसार राजासोबत शांतपणे चालत होता.

मला रायगड आठवला. तिथला १६७४चा सोहळा पाहणाऱ्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेनच्या टिपणांवरून आपण दरबार डोळ्यांसमोर आणतो. इथे राजाच्या बाजूने सगळं आधीच कोरून ठेवलेलं.

डिसेंबर १६८८मध्ये जेम्स फ्रान्सला पळाला. ११ एप्रिल १६८९ला त्याचीच मुलगी मेरी आणि जावई विल्यम यांना मुकुट चढला. सँडफर्डने पद सोडलं. १६९४मध्ये कर्जापायी न्यूगेटच्या तुरुंगात तो वारला. त्याच्याबद्दल वाईट वाटत राहतं.

बाहेर आलो. जिथे अभिषेक झाला ते चर्च, वेस्टमिन्स्टर ॲबी, रस्त्यापलीकडेच आहे. मेरी डाऊल जिथून फुलं पसरत गेली, त्या बाजूने मीही सावकाश चालत गेलो.