भुऱ्याची पुटकुळी आणि अण्णांचं पेनिसिलिन

आमच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, पोटावर श्रावणात पुटकुळ्या आल्या. आधी मुरुमासारख्या बारीक, पिवळ्या तोंडाच्या. मग त्या फुटून गोल चट्टे झाले. मधे काळसर डाग आणि कडेने पापुद्रा सुटलेला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नायटा आहे, मलम लावा. मी त्यांच्यापेक्षा शहाणी! कपाटात ह्यांच्या दाढेच्या वेळच्या आठ कॅप्सूल उरल्या होत्या. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्याच कुळातलं, ५०० मिलिग्रॅम. पोळीच्या तुकड्यात तूप लावून सकाळ-संध्याकाळ एकेक दिली. चार दिवसांत कॅप्सूल संपल्या, पुटकुळ्या होत्या तशाच.

हे सगळं अण्णांच्या नजरेआड चाललं होतं, हे सांगायला हवं. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झाले. १९५४ साली सरकारने काढलेली ही कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने देशात पेनिसिलिन बनवायला. अण्णांनी उभी हयात तिथे कुप्या भरण्याच्या विभागात काढली. 'कोर्स अर्धा सोडायचा नाही' हे वाक्य मी शुभंकरोतीच्या आधी शिकले असेन. आणि त्यांचीच मुलगी नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या कुत्र्याला चारत होती.

शेवटी दवाखाना गाठला. आमची डॉक्टर तिशीची पोरगी आहे, मला काकू म्हणते. तिने एका ताज्या पुटकुळीवर काचेची पट्टी दाबली, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवली, धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "या, बघा." जांभळ्या ठिपक्यांचे घोस दिसले आणि त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी. नायटा नव्हता, जिवाणूंचा संसर्ग होता. भुऱ्याचं वजन १८ किलो. सेफॅलेक्सिन नावाचं अँटिबायोटिक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चौदा दिवस, नंतर दाखवायला या. आणि सोबत क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक शाम्पू, आठवड्यातून दोनदा.

गोळ्या मी घड्याळ लावून दिल्या. शाम्पूची बाटली मात्र मोरीतल्या फळीवर तशीच राहिली. बाहेर पावसाची झड, कुत्रं वाळणार कुठे? शिवाय मनात होतंच, खरं औषध म्हणजे गोळी, शाम्पू काय, नटण्यामुरडण्याचा. दोन आठवड्यांत पोट स्वच्छ झालं. मग दाखवायला तरी कशाला जायचं? नाही गेले.

नवरात्रात पुटकुळ्या परत आल्या, या वेळी जांघेत आणि काखेतही. मी डॉक्टरला म्हटलं, "या खेपेला जरा स्ट्राँग काहीतरी दे." तिने गोळी दिलीच नाही. पुटकुळीतल्या स्रावाचा स्वॅब घेऊन कल्चरला पाठवला, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते तपासायला. खरं सांगते, तेव्हा राग आला. हजाराच्या वर पैसे मोजायचे आणि रिकाम्या हाताने घरी यायचं! सुई टोचली नाही तर डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटत नाही, ही आपली जुनीच खोड.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. जंतूचं नाव स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. कुत्र्यांच्या कातडीवर तो एरवीही गुण्यागोविंदाने नांदत असतो. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. पहिल्याच ओळीत पेनिसिलिन, पुढे आर. अण्णांनी चष्मा लावला आणि तेवढी एकच ओळ दोनदा वाचली.

मग कॅप्सूलची कबुली द्यावी लागली. त्यांना धक्का बसू नये म्हणून डॉक्टरने सांगितलेलं त्यांना सांगितलं. या जंतूच्या बहुतेक जातींकडे पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम असतं आणि साधं अमॉक्सिसिलिनही त्यापुढे टिकत नाही. म्हणून तर त्यात एन्झाइमला अडवणारं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घालतात. "ते एन्झाइम मला नको शिकवूस," अण्णा म्हणाले. "पेनिसिलिन बाजारात येण्याआधीच, १९४० साली, ते सापडलं होतं. आणि तुला कपाटात अमॉक्सिसिलिनच सापडलं?"

सेफॅलेक्सिनपुढे मात्र एस होता. म्हणजे गोळी चुकली नव्हती. चुकत होतं ते हे, की भुऱ्याला मुळात खाज होती, पिसवांची. तो खाजवायचा, कातडी सोलायची आणि जंतूंना दार उघडं मिळायचं. स्ट्राँग औषधाबद्दल विचारलं तर डॉक्टर म्हणाली, "काकू, एन्रोफ्लॉक्सासिन लागू आहे, पण ते राखून ठेवायचं. वरवरच्या पुटकुळ्यांवर नाही उधळायचं." पिसवांची गोळी दिली आणि पुन्हा तोच शाम्पू. या वेळी तिने माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं, फेस दहा मिनिटं अंगावर राहिला पाहिजे.

दहा मिनिटं म्हणजे किती, हे फेसाळलेलं १८ किलोचं कुत्रं मोरीत धरल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला तो अंग झाडतो. पाचव्याला केविलवाणं बघतो. सातव्याला माझी कंबर धरते. अण्णा दारात खुर्ची टाकून कंपनीतून मिळालेलं घड्याळ हातात घेऊन बसतात आणि एक सेकंद माफ करत नाहीत. "अजून दोन मिनिटं. पोटाखाली लाव, पोटाखाली." तीन आठवडे हा कार्यक्रम चालला. अँटिबायोटिकची एकही गोळी न देता चट्टे गेले, जांघेत बारीक केस उगवले. या वेळी दाखवायलाही गेले.

परवा ह्यांची दाढ पुन्हा ठणकली. कपाट उघडून शोधाशोध सुरू झाली. "अगं, इथे माझ्या कॅप्सूल होत्या ना?"

अण्णांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "कुत्र्याने खाल्ल्या."