पॅसेजची नोंद: खालचे ११० सेंटीमीटर

पॅसेज रंगवायला घेऊन सहा आठवडे झाले, एक बाजू पूर्ण झाली आहे. दुसरी ओलीपायी अडली आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

आमचा मधला पॅसेज ७ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, आणि त्याला एकही खिडकी नाही. चार दारं, चारही बिऱ्हाडं भाडेकरूंची. सगळ्यांचं म्हणून कोणाचंच नाही, अशी त्याची गत झाली होती. कोपऱ्यांत जाळ्या, भिंतीला पोपडे आणि हात टेकून टेकून आलेला मेणचट काळा पट्टा. मालकांची परवानगी लेखी घेतली: कोणत्या भिंती, कोणती छटा, आणि मीटरच्या पेटीला व वायरिंगला हात लावायचा नाही. शेजाऱ्यांशी एकदाच बसून बोलले. खर्च चौघांत वाटायचा आणि चपलांचे स्टँड, सायकल, जुनी खोकी आपापल्या घरात न्यायची, असं ठरलं. धूर झाला किंवा कोणाला स्ट्रेचरवरून न्यायची वेळ आली तर बाहेर पडायची वाट हीच एक आहे, हे सर्वांना लगेच पटलं.

रंगाचा डबा आणण्याआधी दिवा बदलला, आणि बजेट कमी असेल तर तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. आधीचा बल्ब ६५०० केल्विनचा, निळसर पांढरा होता. त्याच्या उजेडात चांगली भिंतसुद्धा राखाडी दिसते. त्याजागी ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, रंग नीट दाखवणारा (सीआरआय ९० च्या वरचा) एलईडी लावला आणि दिव्याची काच उतरवून साबणाने धुतली. आत मेलेल्या किड्यांचा थर होता. त्या एका संध्याकाळी पॅसेज जितका बदलला तितका नंतर कुठल्याच दिवशी बदलला नाही. शिवाय छटा निवडायची ती याच उजेडात, कारण तिथे दुसरा उजेड कधी येतच नाही.

आता भिंत. पहिल्या आठवड्यात एका कोपऱ्यात थेट इमल्शनचा, म्हणजे पाण्यातल्या रंगाचा, हात मारून पाहिला आणि तीन दिवसांनी तो नखाने सोलून निघाला. खाली जुना ऑइल पेंट होता. ओळखायची पद्धत सोपी आहे: कापसावर स्पिरिट घेऊन भिंतीवर चोळा. रंग कापसाला लागला तर तो पाण्यातला, नाही लागला तर तेलाचा. तेलाच्या गुळगुळीत भिंतीवर नव्या रंगाला धरायला काही मिळत नाही. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने मेणचटपणा काढायचा, मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायचं आणि पकड देणारा प्रायमर लावायचा. इमारत जुनी असेल तर घासणं कोरडं नको. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. मी वॉटर पेपर ओला करून घासलं, मास्क लावला आणि फरशी झाडली नाही, ओल्या फडक्याने पुसली. लांबी (पुट्टी) भरली ती फक्त खड्ड्यांत. सगळी भिंत सपाट करायच्या फंदात पडले नाही, तिथे पैसा आणि वेळ दोन्ही बेसुमार जातात.

सगळ्या योजनेचा पाया म्हणजे भिंतीचे दोन भाग. हात, पिशव्या, सायकलचं हँडल, ओल्या छत्र्या, सगळं घासतं ते जमिनीपासून ११० सेंटीमीटरपर्यंतच. दारं वजा करून दोन्ही बाजूंचा खालचा भाग साधारण ११ चौरस मीटर भरतो, वरचा २०. महागडा, धुता येणारा सेमी-ग्लॉस (किंचित चकाकणारा) रंग फक्त खाली वापरायचा. लिटरला एका हाताचे १० चौरस मीटर धरले तर दोन हातांना सव्वादोन लिटर पुरतात. वर साधा मॅट (बिनचकाकीचा) इमल्शन. खाली विटकरी छटा घेतली, वर साईच्या रंगाची. पांढराशुभ्र मी मुद्दाम टाळला, कारण खिडकी नसलेल्या जागेत तो उजळ दिसण्याऐवजी मळका दिसतो.

दोन रंगांमधली रेघ मारण्यात एक अख्खा रविवार गेला. जमिनीपासून मोजून खुणा केल्या तर रेघ तिरकी दिसू लागली. फरशीलाच ७ मीटरमध्ये ३ सेंटीमीटरचा उतार आहे. मग पाण्याची पारदर्शक नळी वापरली. दोन्ही टोकं उघडी ठेवली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर खूण चुकते. दोन्ही टोकांना खुणा करून लाइनदोरी (रंग लावलेली ताणलेली दोरी) मारली आणि रेघेवर मास्किंग टेप लावला. टेपच्या कडेवर आधी वरच्याच रंगाचा पातळ हात द्या. बारीक फटी त्याने बुजतात आणि खालचा रंग आत झिरपत नाही. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप स्वतःवर दुमडत सावकाश ओढला, तेव्हा निघालेली कड पाहून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या बाजूला जिन्याजवळ हातभर जागेत पांढरा क्षार फुटला होता. तिथे प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने बंद करून दोन दिवस ठेवला. थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. बाहेरच्या अंगाला असते तर हवेतला दमटपणा समजले असते. मालकांना दाखवलं, पलीकडच्या नळाचा गळका सांधा सापडला आणि त्यांनी तो बदलून घेतला. अशा जागी ओल रोखणारा रंग वरून फासायचा मोह होतो, पण पाणी आत कोंडतं आणि गिलावाच सुटतो. क्षार मी कोरड्या ब्रशने झाडून काढला. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो.

सध्या तो भाग उघडा ठेवला आहे आणि बाकीच्या बाजूला प्रायमर झाला आहे. शेजारच्या आजी रोज जाता-येता त्या जागेवर हात ठेवून, "अजून गार लागतेय गं," असं सांगतात. येत्या रविवारी प्लास्टिक पुन्हा चिकटवणार. दोन दिवसांत आत थेंब आले नाहीत, तर लांबी भरायला घेईन.