रामाचं पान दिवसा, कृष्णाचं रात्री

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मला बाकी काही नाही, जुन्या इमारतीतला तो ड्रॉइंगचा वर्ग आठवला, मागच्या अंगाचा, पावसात कौलातून नेमकं तिसऱ्या बाकावर गळायचं तो. मी १९९५ च्या दहावीचा. ड्रॉइंगच्या सरांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही आणि आमच्या वेळच्या सगळ्यांना ते माहीतच आहे. माझ्या आयुष्यात चित्र बघायची जी काही नजर आली ती त्या वर्गात आली, आणि हे लिहायला मी इतकी वर्षं का थांबलो कळत नाही.

नववीत होतो, इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेची तयारी चालली होती. संकल्पचित्राच्या सरावासाठी मी घरच्या एका कॅलेंडरवरून चित्रकथीतली, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायच्या लोककलेतली, एक बाई उचलली. एका बाजूने दाखवलेला चेहरा, भला मोठा डोळा, हात पुढे केलेला. तिला चौकोनाच्या चार कोपऱ्यांत बसवली, मध्ये कमळं, कडेने वेलबुट्टीची बॉर्डर. पोस्टर कलर इतका सपाट बसला होता की मीच खूश होतो, मुलं बाकाभोवती जमली होती. सरांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही कोण?"

मी म्हटलं, डिझाइन आहे सर.

"ते दिसलं मला. काम स्वच्छ झालंय. पण ही कोण? हात पुढे का केलाय तिने?"

मला सांगता येईना. सर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "हिचं घर कुठलं ते आधी बघून येऊ." हा त्यांचा नेहमीचा शब्द होता. कुठलंही चित्र दाखवलं की पहिला प्रश्न, ह्याचं घर कुठलं? अजिंठ्याच्या पद्मपाणीचं प्रिंट भिंतीवर होतं त्याच्याबद्दलही तेच. आम्ही रंग, रेषा, छटा असं पाठ केलेलं बोलायला लागलो की थांबवायचे आणि म्हणायचे, अरे हे भिक्षूंच्या राहण्याच्या विहारातलं आहे, एक नंबरच्या लेण्यात आत बुद्धाची मूर्ती आहे आणि तिच्याकडे जाताना डावीकडे हा उभा आहे, तू आत चालत गेलास असं समज आणि मग सांग तो खाली का बघतोय. मग वर्ग शांत व्हायचा आणि खरंच कोणीतरी काहीतरी वेगळं बोलायचं.

पुढच्या रविवारी आम्हा सातआठ जणांना घेऊन सर एसटीने कुडाळला आणि तिथून पुढे पिंगुळीला. पिंगुळी आम्हाला माहीत होती ती राऊळ महाराजांच्या मठामुळे. तिथल्या गुढीपूरला ठाकर समाजाची वस्ती आहे आणि कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथी हे सगळं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, सावंतवाडी संस्थानाचा ह्या कलेला आश्रय होता, हे सरांनी एसटीतच सांगितलं. जवळच्या गावात असून आमच्यापैकी एकानेही तोपर्यंत चित्रकथी बघितलेली नव्हती, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्या घरी गेलो तिथल्या आजोबांनी कापडात बांधलेली पोथी आणली. पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे, सुटी चित्रं, पण दोन दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. आम्ही लगेच हात पुढे केले तर सर म्हणाले, थांबा, लांब बसा. आम्हाला पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं आणि खिडकी लावून घ्यायला सांगितली. आजोबा म्हणाले, "ह्यां नुसतां बघूचां नाय, आयकूचां." मग हातात वीणा घेतली, एकाने हुडूक हे छोटं चर्मवाद्य, एकाने टाळ, पोथीला नमस्कार झाला आणि पहिलं चित्र उभं राहिलं ते गणपतीचं.

त्या मिणमिणत्या उजेडात आणि तेवढ्या अंतरावरून मला पहिल्यांदा समजलं की ती काळी रेघ एवढी जाड का आहे आणि डोळा एवढा मोठा का आहे. कॅलेंडर हातात धरून बघताना तो डोळा नुसता 'लोककलेची स्टाइल' वाटत होता. लांबून, कमी उजेडात, त्या डोळ्यावरूनच कळत होतं की कोण कोणाकडे बघतंय. आजोबा गात होते, मध्येच गाणं थांबवून बोलत होते, पात्राचा आवाज बदलत होते, आणि चित्रातल्या हातावर बोट ठेवलं की तो हात हलल्यासारखा वाटायचा, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं.

आणि मग माझी बाई आली. ती सुलोचना होती. इंद्रजिताची बायको. लढाईत इंद्रजित पडलाय आणि त्याचा तुटलेला हात तिच्या अंगणात येऊन पडलाय. तिचा विश्वास बसत नाही, ती त्या हाताला म्हणते, तू माझ्या नवऱ्याचा असशील तर काय झालं ते लिहून दाखव. आणि तो हात लिहितो. ही गोष्ट आजीकडून ऐकलेली होती मी, पण कॅलेंडर छापणाऱ्याने चित्र कापताना खालचा तो हातच कापून टाकला होता, राहिली होती नुसती सुंदर बाई. नवऱ्याच्या तुटक्या हाताकडे बघणाऱ्या बाईला मी चार कोपऱ्यांत बसवून मध्ये कमळं काढली होती. आजोबांनी चित्र फिरवलं, मागच्या बाजूला गोष्ट पुढे गेलेली. माझ्या घशात काहीतरी अडकलं. सरांनी माझ्याकडे बघितलं पण बोलले काही नाहीत, ना तिथे, ना परतीच्या एसटीत. सोमवारी मी दुसरं संकल्पचित्र काढलं, पानाफुलांचं.

गंजिफाचंही असंच, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांचं. सावंतवाडीच्या राजवाड्यातली गंजिफा आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पाहुण्यांना भेट म्हणून देतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात. तिथल्या राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे भोसले ह्यांनी ही कला पुन्हा उभी केली नसती तर तेवढंही उरलं नसतं. सरांनी दशावतारी गंजिफाची एक पेटी शाळेला मिळवून दिली होती, १२० गोल पानं, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा. चिंचोक्याची खळ, लाखेचं काम वगैरे त्यांनी सांगितलं पण त्यावर फार वेळ घालवला नाही. म्हणाले, पत्ते आहेत ना, मग खेळा. आणि ऑफ पिरियडला तिघातिघांना बसवून खरंच खेळायला शिकवलं.

खेळायला लागल्यावर गंमत कळली. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची आणि सूर्य मावळल्यावर खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने, कारण रामाचा जन्म भर दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा. मत्स्य ते वामन ह्या पाच अवतारांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, पुढच्या पाचांत उलटं, एक्का मोठा. हे हातात पानं असल्याशिवाय डोक्यात राहतच नाही. आणि पान पटकन ओळखता आलं पाहिजे म्हणून मासा, कासव, परशू ही चिन्हं अशी दोनचार फटकाऱ्यांत काढलेली असतात, बारीक नक्षी करत बसलं तर खेळणारा डाव हरेल. फ्रेममधल्या पानाला दिवस नाही आणि रात्रही नाही.

नंतर नोकरीला पुण्यात आलो, तीसेक वर्षं होतील आता. राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रं आहेत, 'पैठणची चित्रं' ह्या नावाने ती बरीच वर्षं ओळखली गेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या काचेसमोरून पाय हलेना. केळकरांनी ती जमवली नसती तर कुठल्या तरी रद्दीत गेली असती हे मला पक्कं माहीत आहे आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे, पण चित्राची एकच बाजू दिसते, पाठीमागचं दिसत नाही आणि आवाज नाही. मी मनातल्या मनात हुडूक वाजवत उभा होतो. तिकडे पिंगुळीत चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे ह्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, तिथे आजही चित्रकथी ऐकायला मिळते, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले, लोक विचारत होते तुझे नातेवाईक का.

मुलीच्या शाळेत वारली पेंटिंगचा प्रोजेक्ट होता, मगवर तारपा नाच काढून आणायचा. काढला तिने छान. पण बसवून सांगितलं तिला की बाळा, हे मुळात लग्नघराच्या भिंतीवरचं आहे, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, काढत नाहीत, लिहितात म्हणतात, त्यात पालघट देवी असते आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे कागदावर काढायला लागले ते १९७० च्या दशकात, त्याआधी हे बायकांचं काम होतं. ती म्हणाली, मग मगवर काढू नको का? मी म्हटलं काढ ग, पण टीचरनी विचारलं तर हे सांग. टीचरनी विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलं.

सर आता नाहीत. ड्रॉइंगचे तास कमी झालेत असं ऐकतो, बऱ्याच शाळांत दहावीच्या वर्गाला तर उरलेच नाहीत, आणि मला त्याचा राग येतो, तो इथे लपवत नाही. आपल्या शाळेकडे निदान ती पेटी आहे, ऑफिसमधल्या काचेच्या कपाटात ठेवलीय असं मागच्या वेळी शिपाईमामांनी सांगितलं. मुख्याध्यापक बाईंना माझी विनंती आहे, महोत्सवाच्या तीन दिवसांत एक वर्ग मला द्या, ती पेटी कपाटातून काढून द्या. पानं खराब झाली तर सावंतवाडीहून नवा संच मी आणून देईन. मी सकाळी येतो, रामाच्या पानाने सुरू करू, आणि मुलांना घरून परवानगी असेल तर दिवेलागणीनंतर आणखी एक डाव कृष्णाचा.