आयव्हीएफचा कायदा, आपला प्लॅन आणि बिलाआधीचे ते 60 दिवस

"कॅलिफोर्नियात आयव्हीएफ कव्हर करणं कंपल्सरी झालंय ना, मग आमचा प्लॅन नाही का म्हणतोय?" बे एरियातल्या मराठी ग्रुप्सवर हा प्रश्न सारखा येतोय आणि विचारणारे बहुतेक जण आधीच इतके दमलेले असतात की त्यांना नीट उत्तर द्यायलाच हवं.

तर कायदा खरा आहे. एसबी 729, गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर 2024 मध्ये सही केली, लागू 1 जानेवारी 2026 पासून. लार्ज ग्रुप प्लॅनला, म्हणजे मोठ्या एम्प्लॉयरच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या प्लॅनला, वंध्यत्वाचे उपचार द्यावे लागतात, आयव्हीएफसकट, त्यात तीनपर्यंत एग रिट्रीव्हल (स्त्रीबीजं काढणं). पण मोठ्या टेक कंपन्यांचे प्लॅन बऱ्याचदा सेल्फ फंडेड असतात, म्हणजे कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं पण क्लेमचे पैसे तुमच्या एम्प्लॉयरच्या खिशातून, आणि अशा प्लॅनला 1974 च्या एरिसा या केंद्राच्या कायद्यामुळे राज्याची ही सक्ती लागूच होत नाही. एचआरला एवढंच विचारा, प्लॅन सेल्फ फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड, म्हणजे क्लेमचे पैसे इन्शुरन्स कंपनीच भरणारा.

हे झालं उत्तर. पण मला खरं लिहायचंय ते कायद्याचं असं बिल विधिमंडळात पास व्हायच्या आधी काय होतं त्याबद्दल, कारण त्याकडे आपलं कुणाचंच लक्ष नसतं.

2002 साली कॅलिफोर्नियाने एबी 1996 हा कायदा केला आणि त्यातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियामध्ये कॅलिफोर्निया हेल्थ बेनिफिट्स रिव्ह्यू प्रोग्रॅम उभा राहिला. एखाद्या आमदाराने 'अमुक उपचार इन्शुरन्सने द्यायलाच हवा' असं बिल आणलं की विधिमंडळ ते यांच्याकडे पाठवतं आणि साधारण 60 दिवसांत रिपोर्ट मागतं: उपचाराचा उपयोग होतो याला पुरावा किती, प्रीमियम किती वाढेल, लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल. खर्च इन्शुरन्स कंपन्यांकडून घेतलेल्या फीमधून निघतो, पण रिपोर्ट लिहिणारे विद्यापीठाचे लोक असतात आणि बिल पास करा किंवा पाडा असं ते कधीच सांगत नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये आणि न्यू जर्सीतही अशा तपासणीची सोय कायद्यानेच केलेली आहे.

काही जण म्हणतात की ही सगळी बिलं लटकवायची युक्ती आहे, आजारी माणसाला कसला रिपोर्ट दाखवता. मला हे पटत नाही आणि त्याचं कारण 1990 चं दशक. तेव्हा ब्रेस्ट कॅन्सर पसरलेल्या बायकांना हाय डोस केमो आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट देत होते, विमा कंपन्या प्रायोगिक म्हणून नाकारत होत्या, 1993 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ज्युरीने अशा नकाराबद्दल तब्बल 89 मिलियन डॉलरचा निकाल दिला, आणि अनेक राज्यांनी कव्हरेज सक्तीचं केलं. मग 1999 मध्ये मोठ्या ट्रायल्सचे निकाल आले, नेहमीच्या केमोपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि फायदा दाखवणारा दक्षिण आफ्रिकेतला अभ्यास खोटा निघाला. तोपर्यंत हजारो बायकांनी ते भयंकर उपचार सोसले होते, काही तर उपचारानेच गेल्या. त्यांच्या घरच्यांचा आकांत खराच होता, पण आमदारांना पुरावा वाचून दाखवणारं कुणीतरी असायला हवं होतं.

तरी दोन गोष्टी मला खटकतात. एक, रिपोर्टमध्ये 'पुरावा अपुरा' आणि 'उपयोग होत नाही याचा पुरावा' हे वेगवेगळे शेरे असतात पण वादावादीत दोन्हीचा अर्थ 'नको' असा लावला जातो आणि यात दुर्मिळ आजारवाले भरडले जातात, कारण त्यांच्यावर मोठ्या ट्रायल्स होतच नाहीत. दुसरं, खर्चाचा मुख्य आकडा कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या 12 महिन्यांचा. डायबेटिसमध्ये आज केलेल्या खर्चाचा फायदा दहा वर्षांनी डायलिसिस टळला की दिसतो, तो मुख्य आकड्यात कसा येणार? पुढच्या वर्षांबद्दल रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं हो, पण बातमीत जातो तो पहिल्या वर्षाचाच आकडा.

आणि पैशाची अजून एक गाठ आहे. ओबामाकेअर या केंद्राच्या कायद्याप्रमाणे राज्याने 2011 नंतर अत्यावश्यक बेनिफिट्सच्या (त्या कायद्याने ठरवलेल्या किमान सोयींच्या) पलीकडे काही सक्तीचं केलं तर एक्स्चेंजवरच्या, म्हणजे लोक स्वतः प्लॅन घेतात त्या सरकारी बाजारातल्या, प्लॅनपुरता तो जादा खर्च राज्याला भरावा लागतो, त्यामुळे लार्ज ग्रुपपुरतं बिल आणणं सोपं जातं आणि स्वतःचा प्लॅन विकत घेणारा छोटा दुकानदार किंवा फ्रीलान्सर बाहेर राहतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

हे सगळे रिपोर्ट सगळ्यांसाठी खुले आहेत, कुणीही वाचू शकतं. एच-वनवर असाल तर मत देता येत नाही, पण प्रीमियम तुमच्याही पगारातून कापला जातो, तेव्हा आपल्या भागाच्या असेंब्ली मेंबरच्या ऑफिसला ईमेल जरूर टाका. आणि रिपोर्ट उघडलात तर आधी किती लोकांना हा बेनिफिट आजच मिळतोय आणि किती जणांपर्यंत कायदा पोचणारच नाही ते शोधा, तुमचा प्लॅन कुठे बसतो ते तिथेच कळेल.