एअर टॅक्सी उतरते तेव्हा बॅटरीवर काय बेततं

बिनवैमानिकाच्या एअर टॅक्सीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: आत पायलट नाही, मग चालवणार कोण? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी तयारही आहे. ग्वांगझूच्या ईहँग कंपनीच्या ईएच२१६-एस या दोन आसनी विमानाला चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने १३ ऑक्टोबर २०२३ रोजी टाइप सर्टिफिकेट, म्हणजे हे मॉडेल उड्डाणाला सुरक्षित असल्याचा दाखला, दिलं. मार्ग आधीच आखलेला असतो, विमानातला संगणक तो पाळतो आणि जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवलं जातं.

मला जास्त काळजी वाटते ती उतरतानाच्या शेवटच्या दोन मिनिटांची.

या विमानाला पंख नाहीत. आठ दांडे, प्रत्येकावर एक वर आणि एक खाली असे १६ प्रोपेलर. एखादी मोटर बंद पडली तर बाकीच्यांचा वेग बदलून संगणक तोल सांभाळतो. ही सोय लागतेच. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेवर मोठा रोटर फिरत राहतो आणि पायलट त्यावर उतरू शकतो. छोट्या, कोन बदलता न येणाऱ्या पात्यांना ते जमत नाही. पण खालचा प्रोपेलर वरच्याने ढकललेल्या हवेत फिरतो, त्यामुळे तेवढ्याच उचलीला वीज जास्त लागते.

आता हिशेब करू. भरलेल्या विमानाचं वजन ६२० किलो. आठ जोड्यांची पाती फिरताना व्यापतात त्या वर्तुळांचं एकूण क्षेत्रफळ १६ चौरस मीटर धरलं, तर हवेत एका जागी तरंगायला कागदावर सुमारे ७६ किलोवॅट लागतात. मोटर, पाती आणि जोडीतलं नुकसान धरलं की आकडा ११५ च्या आसपास जातो. म्हणजे मिनिटाला जवळपास दोन युनिट वीज.

समजा बॅटरीच्या पॅकमध्ये १०० सेल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, एका ओळीत जोडलेत. उड्डाणाच्या सुरुवातीला सेलमागे ४.१ व्होल्ट मिळाले, तर ११५ किलोवॅटसाठी २८० अँपिअर पुरतात. उतरताना चार्ज कमी झालेला असतो, सेल ३.५ वर आला की तेवढ्याच शक्तीसाठी ३२९ अँपिअर ओढावे लागतात. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ३७ टक्के जास्त. शिवाय चार्ज तळाला गेल्यावर सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळाही वाढतो, व्होल्टेज आणखी बसतं, करंट आणखी चढतो. पॅकमधला सर्वांत कमजोर सेल आधी हद्दीवर येतो आणि संपूर्ण ओळ त्याच्यापाशी अडते.

मग पटकन उतरून मोकळं व्हावं म्हटलं, तर तेही नाही. सरळ खाली वेगाने आलं की प्रोपेलर स्वतःच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात शिरतात आणि उचल तुटते. सावकाशच यावं लागतं. त्यात उतरायची जागा रिकामी नसली, तर दुसऱ्या जागेपर्यंत जाण्याइतकी वीज राखीव हवी.

म्हणून ३० किलोमीटरचा जाहीर पल्ला वाचून लगेच शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची फेरी डोळ्यांसमोर आणू नये. मार्च २०२५ मध्ये ग्वांगझू आणि हफेईतल्या दोन कंपन्यांना व्यावसायिक परवाने मिळाले, तेही कमी उंचीवरच्या पर्यटन फेऱ्यांपासून सुरुवात करण्यासाठी. मला हा क्रम अगदी योग्य वाटतो: फेरी छोटी, जागा ठरलेली, चार्ज भरपूर शिल्लक असतानाच उतरायचं.

देखभालीत मात्र एक गोष्ट काटेकोर हवी. पॅकमध्ये किती युनिट मावतात एवढंच मोजून भागत नाही. जुन्या पॅकची क्षमता ठीक दिसते, पण रोध वाढलेला असतो आणि तो जाणवतो थेट उतरताना. पॅक कधी बदलायचा, हे कमी चार्जवर पूर्ण भार देऊन मोजलेल्या व्होल्टेजवरून ठरायला हवं.