त्सिंग मा ते हुमेन: पूल बघायला जाणाऱ्यांसाठी

हाँगकाँगला गेलेली आपली माणसं डिस्नेलँड, व्हिक्टोरिया पीक आणि खरेदी उरकून परत येतात. आम्ही गेलो ते पूल बघायला: हाँगकाँगचा त्सिंग मा, तिथून मकावला जाणारा समुद्रावरचा पूल आणि चीनमधला हुमेन. माझं रोजचं काम पुलांच्या देखभालीचं, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचे रिपोर्ट लिहायचे आणि दुसऱ्यांचे वाचायचे. सोबत मावसभाऊ होता. तो बँकेत आहे, पुलांशी त्याचा संबंध टोल भरण्यापुरता. पण अशा सहलीला इंजिनिअर नसलेला माणूस बरोबर असावाच. तो बेधडक प्रश्न विचारतो आणि आपल्याला सरळ भाषेत उत्तर द्यावं लागतं.

आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण सगळं नियोजन त्यावरच ठरतं. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं. ते फुकट आहे. सरकारी संकेतस्थळावरच करा, पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक न करता भरा आणि प्रिंट जवळ ठेवा. मकावला व्हिसाशिवाय जाता येतं. हुमेन मात्र मेनलँड चीनमध्ये, त्यामुळे तिथला व्हिसा भारतातूनच काढून न्यायचा. मेनलँडमध्ये एकदाच शिरणार असाल तर सिंगल एन्ट्री पुरते. मकावहून शेजारच्या जुहाईत (हे मेनलँडमधलं शहर) डोकावून परत येऊ आणि मग हुमेनला जाऊ असा बेत असेल, तर त्या दोन एन्ट्री होतात.

दिवस हिवाळ्याचे धरा. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा कोरडी आणि बऱ्यापैकी स्वच्छ असते. उन्हाळ्याचे दिवस दमट, आणि जून ते ऑक्टोबर टायफूनचे. पूल टायफूनमध्ये कसा वागतो हे बघण्याची हौस कितीही असली, तरी तुम्हाला हॉटेलच्या खोलीतच बसावं लागेल.

पहिला मुक्काम त्सिंग मा. १९९७ साली खुला झालेला हा झुलता पूल, मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) १३७७ मीटरचा, मनोरे २०६ मीटर उंच. वरच्या डेकवर सहा लेनचा रस्ता. खालचा डेक बंदिस्त पेटीसारखा, त्यात रेल्वेचे दोन रूळ आणि वादळी वाऱ्यात वापरायच्या दोन लेन. वारा फारच वाढला की वरचा रस्ता बंद करून गाड्या खालून नेतात. पुलावर पायी जाता येत नाही, त्यामुळे बघायचे मार्ग तीन.

त्सिंग यी स्टेशनवरून ३०८एम ही हिरवी मिनीबस लांताऊ लिंक या पुलांच्या मार्गाच्या व्ह्यू पॉइंटला जाते. तिथून त्सिंग मा समोर दिसतो आणि दुसऱ्या अंगाला तीन मनोऱ्यांचा टिंग काऊ. फोटो इथलेच सर्वांत चांगले येतात. सकाळी जा, दुपारनंतर सूर्य डोळ्यांवर येतो. दुसरा मार्ग म्हणजे तुंग चुंग लाइनची साधी मेट्रो. ती एअरपोर्ट एक्स्प्रेसच्याच रुळांवरून खालच्या डेकमधून जाते आणि तिकीट कितीतरी स्वस्त. सनी बेपर्यंत जाऊन परत या. तिसरा, आणि मला विचाराल तर पहिला, म्हणजे मा वान बेट. सेंट्रलच्या दोन नंबर धक्क्यावरून पार्क आयलंडची (मा वानवरच्या वसाहतीची) बोट घ्यायची आणि तुंग वानच्या पुळणीवर जाऊन उभं राहायचं. पूल डोक्यावर येतो.

डबे नेले असतील तर तिथेच बसून खा. आम्ही दशम्या सोडल्या आणि वर बघत बसलो. ट्रेन पुलावर चढली की आधी मनोऱ्याच्या बाजूने एक जाड घरघर येते, मग ती डोक्यावरून सरकत जाते. पोलादी पेटीच्या सांध्यांवर चाकं पडतात तो ठेका वेगळा ऐकू येतो. भाऊ म्हणाला, "दादा, एवढी ट्रेन गेली, पूल तर हललाच नाही." हलला होता. असा पूल उभ्या दिशेत एक पूर्ण हेलकावा घ्यायला आठ-नऊ सेकंद लावतो. डोळा तो टिपत नाही, उपकरण टिपतं.

ते काम करणाऱ्या यंत्रणेचं नाव विंड अँड स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग सिस्टीम. हाँगकाँगच्या हायवेज डिपार्टमेंटने त्सिंग मा, काप शुई मुन आणि टिंग काऊ या तीन पुलांवर मिळून सुमारे ८०० सेन्सर बसवले. वारा मोजणारे ॲनिमोमीटर, कंपनं मोजणारे ॲक्सलरोमीटर, पोलादावरचा ताण सांगणारे स्ट्रेन गेज, तापमापक, सरकण्याचं मोजमाप घेणारी उपकरणं आणि चालत्या गाड्यांचं वजन करणाऱ्या पट्ट्या. नंतर जीपीएसही आलं. बाहेरून यातलं जवळजवळ काही दिसत नाही. दुर्बीण असेल तर डेकच्या कडेला पुढे आलेल्या दांड्यांवरचे ॲनिमोमीटर शोधा.

केबलमधला ताण कसा कळतो, हे भावाला समजावताना तंबोऱ्याचा आधार घेतला. तार पिळली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. पुलाच्या केबलवर छोटा ॲक्सलरोमीटर लावला की वाऱ्याने ती कुठल्या वारंवारतेला थरथरते ते कळतं. लांबी आणि वजन ठाऊक असतं, म्हणजे उरतो तो ताण, आणि तो गणिताने निघतो. दरवेळी जॅक लावून केबल ओढत बसायला नको.

अडचण पुढे सुरू होते. उन्हात तापलेला पूल आणि पहाटेचा गार पूल एकसारखा थरथरत नाही. तापमानामुळे वारंवारतेत पडणारा फरक कित्येकदा खऱ्याखुऱ्या बिघाडाने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून सेन्सर बसवून दुसऱ्या दिवशी "पूल ठणठणीत" असा दाखला देता येत नाही. ऋतू बदलताना, टायफूनमध्ये, भरल्या ट्रेनखाली, रिकाम्या रात्री हा पूल कसा वागतो याची वर्षानुवर्षांची नोंद हवी. मग एखाद्या दिवशी काही वेगळं दिसलं, तर ते वेगळं आहे हे तरी समजतं. त्सिंग माची खरी श्रीमंती ही जुनी नोंद आहे. आपल्याकडे निविदेत सेन्सरची संख्या ठळक लिहितात आणि पुढच्या दहा वर्षांत तो डेटा वाचणार कोण, हे कोपऱ्यातसुद्धा नसतं.

दुसरा टप्पा हाँगकाँग-जुहाई-मकाव पूल, २०१८ साली खुला झालेला. जोडरस्त्यांसकट ५५ किलोमीटर. तुंग चुंगहून बी६ किंवा सनी बेहून बी५ बस घेऊन हाँगकाँग पोर्टला जा, इमिग्रेशन करा आणि मकावची सोनेरी शटल बस पकडा. तिकीट दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर, रात्री ७०, बस चोवीस तास. मकावपर्यंत जेमतेम पाऊण तास. डबलडेकर मिळाली तर वर अगदी पुढे बसा, नाहीतर उजवीकडची खिडकी धरा. पुलावर गाड्या मेनलँडसारख्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून त्या खिडकीला उघडा समुद्र येतो.

मध्येच बस खाली उतरते आणि समुद्र गायब. हा ६.७ किलोमीटरचा बोगदा. इथे मोठ्या जहाजांचा मार्ग आहे, आणि विमानतळ शेजारीच असल्याने उंच मनोरे चालत नव्हते. म्हणून दोन कृत्रिम बेटं करून रस्ता पाण्याखाली नेला. काँक्रीटच्या ३३ नळ्या, बहुतेक १८० मीटर लांबीच्या आणि एकेक ८० हजार टनांच्या आसपास, समुद्रतळावर खणलेल्या चरात एकापुढे एक बसवल्या आहेत. बोगद्यातून वर आलात की चिनी गाठीच्या आकाराचे मनोरे दिसतात, मग डॉल्फिनचे, शेवटी शिडाचे. डॉल्फिन मला जरा बटबटीत वाटले, भावाला तेच आवडले. पुलाचं आयुष्य १२० वर्षांचं धरून डिझाइन केलंय. खारी हवा, दमट उष्मा आणि टायफून यांच्यात १२० वर्षं, म्हणजे काँक्रीटच्या आत क्लोराइड (मिठातला, सळ्या गंजवणारा घटक) किती शिरलं यावर कायम नजर हवी. मकावबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता हुमेन, ज्यासाठी व्हिसाचा खटाटोप केला. वेस्ट कौलूनहून हायस्पीड ट्रेनने तासाभरात हुमेन स्टेशन. मेनलँडचं इमिग्रेशन वेस्ट कौलून स्टेशनातच होतं, त्यामुळे गाडी सुटण्याआधी किमान तासभर तरी पोचा. फोनवर अलीपे हे पैसे देण्याचं चिनी ॲप घरूनच सुरू करून कार्ड जोडा, कारण रोकड द्यायला गेलात तर दुकानदार सुट्टे शोधत बसतो. गूगल मॅप चालत नाही, तिथे अमॅप वापरतात. जायचं ठिकाण चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. ते टॅक्सीवाल्याला दाखवलं की काम होतं. सांगायचं ठिकाण वेइयुआन किल्ला.

हा तटबंदीचा तोफखाना पर्ल नदीच्या मुखाशी अगदी पुलाखाली आहे. १८३९ साली लिन झेशू या अधिकाऱ्याने जप्त केलेली अफू याच हुमेनला नष्ट केली आणि त्यातून पहिलं अफूयुद्ध पेटलं. त्या अफूतली बरीचशी माळव्याची होती आणि मुंबई बंदरातून आलेली. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या व्यापाऱ्यांची संपत्ती बरीचशी याच व्यापारातली, आणि जेजे हॉस्पिटल त्यांच्या देणगीतलं. तोफांच्या रांगेजवळ उभं राहून मुंबईकराला थोडं अवघडायला होतं, ते होऊ द्यावं.

हुमेन पूलही १९९७ चाच, मुख्य गाळा ८८८ मीटर. ५ मे २०२० च्या दुपारी तो लाटेसारखा वरखाली होऊ लागला. वादळ नव्हतं, वारा मामुली होता. दुरुस्तीच्या कामासाठी दोन्ही कडांना पाणी भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे सलग मांडले होते, साधारण १.२ मीटर उंचीचे. पुलाचा पोलादी डेक विमानाच्या पंखासारखा निमुळता करतात तो वारा अलगद सरकावा म्हणून. त्या भिंतीमुळे आकार बोथट झाला, वाऱ्याचे भोवरे ठरावीक तालात सुटू लागले, आणि तो ताल पुलाच्या स्वतःच्या तालाशी जुळला. १९४० साली अमेरिकेतला टॅकोमा पूल पडला तो प्रकार वेगळा होता. हे भोवऱ्यांचं कंपन एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. पण गाडीतल्या माणसाला ते कसं कळणार? त्याच दुपारी दोन्ही बाजूंची वाहतूक बंद केली, अडथळे काढले, तपासण्या झाल्या आणि १५ मे रोजी पूल पुन्हा सुरू झाला. मुख्य रचनेला इजा झालेली नव्हती.

किल्ल्यावर एक आजोबा गळ टाकून बसले होते. फोनवरच्या भाषांतराने २०२० बद्दल विचारलं. त्यांनी गळ पायाखाली दाबला आणि दोन्ही तळहात पाण्यावरच्या फळीसारखे हळूहळू वर-खाली केले, तोंडाने आवाज न काढता. मग पुलाकडे बोट दाखवून हसले आणि पुन्हा गळ हातात घेतला. वर ट्रकची रांग चालूच होती.

मला या जागेचं महत्त्व त्सिंग मापेक्षाही जास्त वाटलं. पोलाद धड, केबल धड, डिझाइन धड, आणि चुकलं ते देखभालीच्या कामात तात्पुरतं काय मांडायचं त्यात. पुलावरचा कुठलाही सेन्सर "कडेला भिंत उभी राहतेय" असं सांगत नाही, तो फक्त परिणाम दाखवतो. पुढचा प्रश्न एवढाच, की आकडा बघणाऱ्याला वाहतूक थांबवायचा अधिकार आहे का. इथे तो वापरला गेला. २०२१ साली चीनच्या परिवहन मंत्रालयाने ५०० मीटर आणि त्यावरच्या गाळ्याचे झुलते पूल, ३०० आणि त्यावरचे केबल-स्टेड (मनोऱ्यातून थेट निघणाऱ्या तिरक्या केबलनी धरलेले), अशा मोठ्या महामार्ग पुलांवर निरीक्षण यंत्रणा बसवायचा कार्यक्रम काढला. आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा जुना दगडी पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. तिथे शेकडो सेन्सरची गरज नव्हती. पाण्याची पातळी दाखवणारी खूण आणि ती ओलांडली की रस्ता अडवणारा माणूस, एवढ्यावर ती माणसं वाचू शकली असती.

शाकाहारींनी हुमेनला जाताना खाणं बरोबर न्यावं. "मांस नको" म्हटल्यावरही भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात, शिवाय रस्सा मांसाचाच असतो. उकडलेली मक्याची कणसं आणि फळं सगळीकडे मिळतात. हाँगकाँगला चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीत भारतीय जेवण आहे, तळमजल्यावरच्या दलालांना टाळून सरळ लिफ्टने वर जा. विमानतळाच्या आणि पुलांच्या आसपास ड्रोन उडवायचा विचारही करू नका. किल्ला आणि त्याजवळचं सागरी युद्ध संग्रहालय सोमवारी बंद नाही ना, ते आदल्या दिवशी बघा. पासपोर्ट मूळच न्या, ट्रेनचं तिकीटही त्यालाच जोडलेलं असतं. आणि परतीची ट्रेन संध्याकाळची पण शेवटची नको, कारण हुमेन स्टेशनबाहेरची टॅक्सीची रांग आणि नदीकाठचा ट्रॅफिक दोन्ही तुमच्या घड्याळाची पर्वा करत नाहीत.