नाशिक जिल्ह्याचा समदाब नकाशा: दाबाच्या दुरुस्त्या

नाशिक, त्र्यंबक, इगतपुरी, सिन्नर आणि निफाड इथल्या घरगुती हवामान केंद्रांवरून समदाब रेषा (सारखा हवेचा दाब असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) काढायच्या कामाची ही पुढची नोंद. खरी अडचण अशी की एवढ्याशा टापूत दाबाचा फरक एरवी एखाद्या हेक्टोपास्कलच्या (दाबाचे एकक) आसपासच असतो, आणि केंद्रांवरच्या बीएमपी२८० या दाब मोजणाऱ्या सेन्सरची चूकच ±१ हेक्टोपास्कल. म्हणून सगळे सेन्सर आधी एका टेबलावर रात्रभर चालवले, सरासरीपासून प्रत्येकाचा फरक काढला आणि तो कोडमध्ये वजा केला. एकमेकांच्या तुलनेत हे सेन्सर चांगले चालतात, त्यामुळे एवढ्यावर भागते.

सर्वांत मोठा घोळ उंचीचा. केंद्रे वेगवेगळ्या उंचीवर आहेत, म्हणून तुलनेसाठी प्रत्येकाचा दाब सूत्राने (खाली दिले आहे) समुद्रसपाटीवर आणावा लागतो. १० मीटरची चूक म्हणजे साधारण १.१ हेक्टोपास्कल. काही मोबाइल अ‍ॅप जीपीएसची कच्ची उंची दाखवतात. ती आपल्याकडे समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठेक मीटर कमी येते. ती तशीच सूत्रात घातली तर त्या केंद्रावर ७ हेक्टोपास्कलचा खोटा कमी दाब तयार होतो! उंची भूपत्रकावरूनच (उंचीच्या रेषा असलेला सर्वेक्षणाचा नकाशा) घ्या आणि गच्चीची उंची त्यात मिळवा.

समुद्रसपाटीच्या दाबासाठी: केंद्रावरचा दाब × ई^(उंची ÷ (२९.२७ × तापमान)), उंची मीटरमध्ये, तापमान केल्व्हिनमध्ये, ई म्हणजे २.७१८ हा स्थिरांक. ६०० मीटरवर तापमान १५ अंशांनी हलले तर उत्तर ३ हेक्टोपास्कलहून जास्त हलते. हिवाळ्यात पहाटे निफाडच्या सखल पट्ट्यात थंड हवा साचते; ते तापमान सूत्रात गेले की तिथे नसलेला जास्त दाब उभा राहतो. त्यामुळे आताचे आणि १२ तासांपूर्वीचे तापमान यांची सरासरी घालायची.

वेळ सगळ्यांची एकच: सकाळी ८:३० आणि संध्याकाळी ५:३०. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा रोजचा चढउतार ३-४ हेक्टोपास्कलचा. कुणी अर्धा तास उशिरा वाचन घेतले तरी रेष वाकते.

आता रेषा पेन्सिलने, अर्ध्या हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतो आणि वाऱ्याशी ताडून बघतो. वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला. जमिनीच्या घर्षणामुळे वारा रेषेला तिरका होऊन कमी दाबाकडे झुकतो. त्र्यंबकचा वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण मात्र या ताडणीतून वगळला आहे, कारण तिथला वारा ब्रह्मगिरी आणि आजूबाजूचे डोंगर वळवतात. सिन्नरच्या माळावरचा बाण जास्त भरवशाचा. पुढची पायरी वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारे यंत्र) १० मीटर उंच खांबावर नेण्याची. गच्चीच्या कठड्यामागे दिशा भोवऱ्यात सापडते.